डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर हे मागांचे आणि गिरण्यांचे शहर म्हणून महाराष्ट्रास फार दिवसांपासून परिचित आहे. सिद्धेश्वराचे तळे, त्याच्या काठचा भुईकोट किल्ला, गिरण्यांचे उंच धुराडे आणि भवानी पेठेसारख्या जुन्या पेठांतून ऐकू येणारा मागांचा खडखडाट, ही ह्या नगरीची जुनी ओळख. येथील विणकरांनी विणलेल्या चादरी दूरदूरच्या घरांत गेल्या आणि तेथल्या माणसांना त्यांनी ऊब दिली. ह्याच शहरातील एक तरुण हजारो कोस दूर असलेल्या परक्या देशात गेला, तेथील जखमी माणसांवर त्याने उपचार केले, तेथील मुलामुलींना त्याने वैद्यकाची विद्या शिकविली आणि तेथेच त्याने देह ठेवला. त्या तरुणाचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. भावंडांच्या मोठ्या मेळ्यात ते वाढले. वृत्ती आनंदी, स्वभाव मनमिळाऊ आणि नवे काही पाहण्याची हौस दांडगी. आपण डॉक्टर व्हावे ही इच्छा त्यांच्या मनात लहानपणीच रुजली होती. डॉक्टर होऊन देशोदेशी हिंडावे, निरनिराळ्या लोकांत राहावे आणि तेथे रोग्यांची सेवा करावी, असे स्वप्न ते पाहत असत.

त्यांच्या तारुण्याचा काळ हा देशाच्या दृष्टीने मोठ्या धामधुमीचा होता. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरातील लोक परकीय सत्तेविरुद्ध उठले. सरकारने शहरावर लष्करी कायदा पुकारला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या सोलापूरच्या चार सुपुत्रांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या वेळी द्वारकानाथ अवघे वीस वर्षांचे होते. परक्यांच्या टाचेखाली सापडलेल्या देशाचे दुःख काय असते, हे त्यांच्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वैद्यकाच्या अभ्यासासाठी द्वारकानाथ मुंबईस गेले आणि परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय 1926 मध्ये सुरू झाले होते. येथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातील मोठ्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असत. भारतीय माणूस उत्तम शस्त्रक्रिया करू शकतो आणि उत्तम शिकवूही शकतो, हे ह्या संस्थेने दाखवून दिले. शेजारच्याच राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात, म्हणजे आज सर्वांना माहीत असलेल्या के. ई. एम. रुग्णालयात, येथील विद्यार्थी प्रत्यक्ष रोग्यांच्या खाटेशी उभे राहून विद्या घेत. द्वारकानाथांनीही ती तशीच घेतली. पदवी मिळाल्यावर ते पुढील उच्च परीक्षेच्या तयारीस लागले होते. तेवढ्यात एका हाकेने त्यांच्या आयुष्याचा मार्ग पालटला.

1937 च्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. एकामागून एक शहरे पडू लागली. विमानांतून बाँबचा वर्षाव होई आणि हजारो सैनिक व नागरिक जखमी होत. चीनसारख्या विशाल देशात त्या मानाने डॉक्टर फारच थोडे होते. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. 1938 मध्ये त्यांनी देशाला आवाहन केले आणि ह्या कार्यासाठी लोकांनी सुमारे 22,000 रुपयांचा निधी जमविला. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, त्याने संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासाठी आपली झोळी उघडली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ह्या पथकासाठी पाच डॉक्टरांची निवड झाली. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. चीनविषयी त्या वेळी आपल्याकडील घरांतून फारशी माहिती नसे. दारोदार रेशमी कापड विकीत हिंडणारे चिनी फेरीवाले, एवढीच पुष्कळांना त्या देशाची ओळख. अशा अनोळखी देशात, तेही युद्धाच्या आगीत, आपला मुलगा जाणार हे ऐकून कोटणीसांच्या घरी काय वाटले असेल ह्याची कल्पना करता येते. तथापि द्वारकानाथांचा निश्चय ढळला नाही. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईच्या बंदरातून ‘राजपुताना’ नावाची बोट निघाली आणि 17 सप्टेंबरला हे पथक चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कँटन शहरी पोचले. आधुनिक चीनचे जनक डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी तेथे त्यांचे स्वागत केले.

पुढील काही महिने पथक हँकौ, ईचांग, चुंगकिंग असे एका शहरातून दुसऱ्या शहरात काम करीत राहिले. शत्रू पाठोपाठ येतच होता. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन पडले आणि हँकौही पडले. चुंगकिंगला असताना पथकातील डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली. कोटणीसांचे नाव ‘को-ती-ह्वा’ असे झाले. ह्यातील ‘ह्वा’ ह्या अक्षराचा अर्थ चीन असा आहे.

ह्याच चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीसांवर दुःखाचा डोंगर कोसळला. सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरी आई होती, पाठची भावंडे होती. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला आणि ते परत गेले असते तरी त्यांना कोणीही नावे ठेवली नसती. एका बाजूस घरचे कर्तव्य, दुसऱ्या बाजूस स्वीकारलेले कार्य. दोन्ही कर्तव्ये खरीच होती, आणि एकच पार पाडता येत होते. द्वारकानाथांनी ते दुःख मनात साठविले आणि पथकाबरोबर उत्तरेकडे प्रस्थान ठेवले. त्या निवडीची किंमत त्यांच्याइतकीच सोलापुरातील त्यांच्या घरानेही मोजली, हे आपण विसरू नये.

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनान येथे पोचले. उत्तर चीनमधील पिवळ्या मातीच्या डोंगरांत वसलेले हे गाव. बाँबहल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून तेथे डोंगराच्या कड्यांत गुहा कोरलेल्या होत्या. लोक गुहांत राहत, वर्ग गुहांत भरत आणि रोग्यांच्या खाटाही गुहांतच असत. माओ त्से-तुंग आणि चू तेह यांनी भारतीय डॉक्टरांची भेट घेतली. येथेच कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने चालविला. चिनी लिपीत आपल्यासारखी मोजकी मुळाक्षरे नाहीत. तिच्यात हजारो चिन्हे आहेत आणि स्वराच्या चढउताराने एकाच उच्चाराचा अर्थ पालटतो. परंतु रोग्याचे दुखणे दुभाष्याकडून ऐकावे लागणे हे डॉक्टरला अपुरे वाटते. रोगी कण्हतो तो स्वतःच्या भाषेत. म्हणून कोटणीसांनी ती भाषा आपलीशी केली, इतकी की पुढे ते तीत व्याख्याने देऊ लागले आणि लिहूही लागले.

हे पथक मुळात एका वर्षासाठी गेले होते. प्रकृतीच्या आणि इतर कारणांनी तिघे डॉक्टर यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस व बसू मात्र मागे राहिले आणि शत्रूच्या फळीमागील डोंगराळ प्रदेशाकडे निघाले. पुढे डॉ. बसूंना येनानला परत बोलावण्यात आले आणि त्या प्रदेशात पाच भारतीयांपैकी एकटे कोटणीस उरले.

ह्या डोंगरात त्यांच्याआधी एक थोर परदेशी डॉक्टर काम करून गेले होते. ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. रणांगणावर जखमी झालेल्या कित्येकांचा जीव गोळीने जात नाही. तो जातो मागाहून, रक्तस्रावाने आणि जखमेत शिरलेल्या जंतूंमुळे. जखम होणे आणि शस्त्रक्रिया होणे ह्यांच्यामधला वेळ जितका कमी, तितकी जीव वाचण्याची आशा अधिक. म्हणून जखमी माणूस इस्पितळापर्यंत येण्याची वाट न पाहता इस्पितळानेच त्याच्यापर्यंत जावे, असा बेथ्यूनांचा आग्रह होता. खेचरांच्या पाठीवर शस्त्रक्रियेचे सामान लादून ते आघाडीच्या जवळ जात. अशाच एका शस्त्रक्रियेत त्यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यातून रक्तात विष भिनले आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी त्यांचा अंत झाला. पेनिसिलीनसारखे औषध तेव्हा डॉक्टरांच्या हाती आलेले नव्हते. जंतू किती निर्दय असतात, हे जाणणाऱ्या शास्त्रज्ञालाच जंतूंनी गाठले. बेथ्यून यांची रिकामी झालेली जागा पुढे कोटणीसांनी चालविली.

1940 च्या उत्तरार्धात उत्तर चीनमध्ये मोठी लढाई पेटली. जखमींची रीघ लागली. त्या मोहिमेत कोटणीसांनी 800 हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग तीन दिवस आणि तीन रात्री, म्हणजे 72 तास, ते न झोपता शस्त्रक्रिया करीत उभे होते. औषधांचा तुटवडा तर कायमचाच होता, कारण शत्रूने त्या प्रदेशाची नाकेबंदी केली होती. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. रोग्यांसाठी वेगळी इमारत नसे. खेड्यातील शेतकरी आपल्या घरात जखमींना ठेवून घेत आणि डॉक्टर घरोघर जाऊन त्यांना तपासीत. शत्रू जवळ आला की सारे रुग्णालय गाठोड्यात बांधून दुसऱ्या खेड्यात हलवावे लागे. अशा स्थितीत डॉक्टरच्या हाती खरे साधन एकच उरते, आणि ते म्हणजे त्याची विद्या.

जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. तीस वर्षांच्या त्या तरुणावर आता रुग्णालयाची आणि त्याला जोडून असलेल्या वैद्यकीय शाळेतील अध्यापनाची जबाबदारी आली. त्यांच्या कार्याचा हा भाग लोकांना कमी ठाऊक आहे, परंतु तोच फार मोलाचा आहे. एका डॉक्टरला दोनच हात असतात. तो कितीही जागला, कितीही झटला, तरी दिवसाचे तास काही वाढत नाहीत. पण त्याने दहा विद्यार्थी घडविले, तर दोन हातांचे वीस हात होतात. कोटणीसांनी हे ओळखले होते. त्यांच्यापुढे बसणारी मुले बहुतांशी खेड्यापाड्यांतील असत. अवघड शब्दांचे जंजाळ न माजविता, शरीराची रचना, जखमेची चिकित्सा, हातांची व शस्त्रांची स्वच्छता हे सारे ते त्यांच्या भाषेत समजावून देत आणि लगेच रोग्यापाशी नेऊन प्रत्यक्ष दाखवीत. परळच्या रुग्णालयात जशी विद्या त्यांना मिळाली होती, तशीच ती त्यांनी चीनच्या डोंगरात वाटली.

ह्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी ग्रंथ नव्हते. तेव्हा कोटणीसांनी शस्त्रक्रियाशास्त्रावर चिनी भाषेत एक पाठ्यपुस्तक तयार केले. ते पुरे होताच त्यांनी दुसऱ्या पुस्तकाचे लेखन हाती घेतले. दिवसा रोगी व वर्ग, आणि रात्री दिव्याच्या मंद उजेडात लेखन, असा त्यांचा क्रम चालला होता.

वैद्यकीय शाळेत परिचारिकांना शिकविणाऱ्या कुओ चिंग-लान नावाच्या एक तरुणी होत्या. डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची व कोटणीसांची ओळख झाली. दोघांचेही कार्य एक आणि ध्येयही एक. नोव्हेंबर 1941 मध्ये त्यांचा विवाह झाला. 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन-ह्वा’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. दोन देशांची नावे एका बालकाच्या नावात गुंफली गेली. त्याच वर्षी कोटणीस तेथील साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले.

परंतु ह्या सुखाला दृष्ट लागायची होती. अतिश्रमाने खंगलेल्या कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजेच फेफऱ्याचे, झटके येऊ लागले होते. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींचे विजेसारखे सूक्ष्म संदेश अकस्मात बेशिस्त होतात आणि माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. भूतबाधेशी वा पापाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. योग्य औषधोपचार मिळाले तर आज ह्या विकाराच्या सुमारे 70 टक्के रोग्यांचे झटके आवरता येतात. पण नाकेबंदीत सापडलेल्या त्या डोंगरात औषध कोठले, आणि विश्रांती कोठली! वरिष्ठांनी त्यांना उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह केला. कोटणीसांनी तो मानला नाही. स्वतःच्या दुखण्याचे गांभीर्य त्यांना कळत नव्हते असे नाही, कारण ते डॉक्टरच होते. परंतु जखमी माणसे आणि शिकणारी मुले मागे टाकून जाणे त्यांच्या मनाला पटले नाही.

8 डिसेंबर 1942 च्या रात्री त्यांना मोठा झटका आला. एकामागून एक झटके येत राहिले. सहकाऱ्यांनी शर्थ केली, पण त्यांना यश आले नाही. 9 डिसेंबरच्या सकाळी, होपे प्रांतातील एका लहानशा खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉ. कोटणीसांची प्राणज्योत मालवली. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अर्धेच लिहून झाले होते. चिनी भूमीवर पाऊल ठेवल्यास सव्वाचार वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या निधनाबद्दल माओ त्से-तुंग यांनी शोक प्रकट केला आणि सैन्याने आपला आधार गमावल्याची भावना व्यक्त केली. आज उत्तर चीनमधील शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात कोटणीसांची समाधी आहे. त्याच उद्यानात डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. एक कॅनडाचा आणि एक सोलापूरचा, असे दोन डॉक्टर तेथे एकमेकांच्या सान्निध्यात विसावले आहेत. पितरांच्या स्मरणाच्या सणास चिनी लोक तेथे फुले वाहतात. त्याच शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे.

इकडे मायदेशानेही त्यांची आठवण जतन केली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्या जीवनावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. त्यात कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतःच केली. पुढे 1962 मध्ये भारत व चीन ह्यांच्यामध्ये युद्ध झाले आणि दोन्ही देशांत कटुता आली. तरीही ह्या डॉक्टरचे नाव कोणत्याच बाजूने पुसले नाही. 1982 मध्ये चीनने आणि 1993 मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. त्यांच्या पत्नी कुओ चिंग-लान यांनी भारतात येऊन कोटणीस कुटुंबाशी आपले नाते अखेरपर्यंत राखले. 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र यिन-ह्वा हाही वडिलांच्याच वाटेने वैद्यकाचा अभ्यास करीत होता, परंतु 1967 मध्ये ऐन पंचविशीच्या आत तो गेला.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचे घर आहे. महानगरपालिकेने त्याचे स्मारक केले असून 2012 पासून ते लोकांसाठी खुले आहे. दूर चीनमधून आलेले पाहुणे ह्या घरी येऊन आदराने मस्तक लववितात.

मुलांनो, विद्या ही दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. कोटणीसांचे चरित्र म्हणजे ह्या वचनाची साक्ष होय. त्यांनी वाचविलेले जखमी कालांतराने वृद्ध होऊन जग सोडून गेले. जी शस्त्रे त्यांनी हाती धरली, ती गंजून गेली. पण त्यांनी शिकविलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे इतरांना शिकविले आणि ती परंपरा चालू राहिली. लेखणी अर्ध्या पानावर थांबली, तरी शिकविलेले काही थांबले नाही. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी अभियंता, कोणी गणितज्ञ, तर कोणी शिक्षक. मिळविलेली विद्या जेथे तिची सर्वांत अधिक गरज आहे तेथे न्यावी, आणि ती आपल्यापाशीच न ठेवता दुसऱ्याच्या हाती सोपवावी, हाच मार्ग सोलापूरच्या ह्या सुपुत्राने आपल्या आचरणाने आखून दिला आहे.